ओल्या कोब्यावर खडू उठत नाही

चहा इतका कढत होता की रडारवाल्याने ग्लास दोनदा टेबलावर टेकवला, मग काठाला धरून उचलला, फुंकर घातली, आणि तेव्हा कुठे त्याचं समोर लक्ष गेलं. समोर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तसलाच काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास उजव्या मुठीत धरून निवांत बोलत बसला होता. वाफ त्याच्या हनुवटीपर्यंत येत होती. बोटांची पेरं लालभडक झाली होती, आणि हा बाबा आपल्या इमारतीच्या जिन्यातला दिवा दिवसासुद्धा कोण चालू ठेवतं यावर बोलत होता. "अरे, ठेव तो खाली, हात भाजेल," बायको स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. मेहुण्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग हाताकडे, जणू तो हात शेजाऱ्याचा होता, आणि घाईघाईने ग्लास डाव्या हातात घेतला. डाव्या हाताला लगेच चटका बसला. "आई गं," म्हणत त्याने ग्लास टेबलावर आदळला, थोडा चहा सांडला, आणि तो हसला. "बघ ताई, एक हात खरं बोलतो, एक खोटं." ती हसली नाही, फडकं आणायला आत गेली. रडारवालाही हसला नाही.

मेहुण्याला घरात गिरमिट म्हणत. लहानपणी प्रश्न विचारून विचारून समोरच्याचं डोकं पोखरायचा, म्हणून आईने ठेवलेलं नाव. पुढे तो खरोखरच काँक्रीटला भोकं पाडायच्या धंद्यात आला आणि नाव अंगाला बसलं. धंद्यात त्याला आणलं रडारवाल्यानेच. दोघं एकाच कंपनीत. कुठे जमिनीत बोल्ट ठोकून जड यंत्र बसवायचं असलं की आधी रडारवाला जायचा. त्याचं यंत्र म्हणजे चार चाकांची एक पेटी, बाबागाडीहून लहान. ती जमिनीवरून ढकलत न्यायची. पेटी खाली लहरी सोडते, आणि आत जिथे जिथे एक पदार्थ संपून दुसरा लागतो तिथून थोडी लहर माघारी येते, उरलेली पुढे जाते. कोबा, त्याखालचं काँक्रीट, सळई, केबल, खालची पोकळी, ज्याचा त्याचा वाटा जो तो परत पाठवतो. धातू तर आलेलं सगळंच फेकून देतो, तेही उलटं करून. पडद्यावर केबलची एक कमान उमटते. मग रडारवाला सांगायचा, इथे पाड, इथे नको, इतकं खोल जा. आणि गिरमिट जायचा. अकरा वर्षं गेला. भाऊजींनी सांगितलं की ते ब्रह्मवाक्य, असं तो साइटवरच्या सगळ्यांना ऐकवायचा, आणि रडारवाल्याला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला, फारच बरं वाटायचं.

"कागद आणलाय," गिरमिट म्हणाला. त्याने पिशवीतून चार पानी फॉर्म काढला आणि सांडलेल्या चहापासून लांब, टेबलाच्या कोपऱ्यावर, डाव्या हाताने ठेवला. "उद्या सकाळी द्यायचाय. परत कामावर घ्यायचं तर अपघात कशाने झाला ते आपल्या शब्दांत लिहून द्या म्हणतात. स्वच्छ अक्षरात. आता माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पेन धरलंय की सुटलंय तेच कळत नाही. म्हटलं भाऊजी लिहितील. मी सांगतो, तुम्ही लिहा."

रडारवाला म्हणाला, "आण." दुसरं काय म्हणणार? त्याने खिशातलं पेन काढलं, चष्मा लावला, फॉर्म समोर ओढला. पहिल्या पानावर गिरमिटचं नाव, वय, पत्ता. त्याने ते नीटनेटकं भरलं. अक्षर त्याचं पहिल्यापासून चांगलं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचं काम त्याच्याकडे असायचं. रोज एक चांगली गोष्ट वळणदार अक्षरात लिहायची आणि तिचं पुढे काय होतं ते बघायचं नाही. दुसऱ्या पानावर होता तो रकाना. घडलेला प्रकार. सात रेघा रिकाम्या सोडलेल्या.

लोकांना वाटतं यंत्राला खोली दिसते. यंत्राला दिसतो फक्त वेळ. लहर गेली कधी, आली कधी. खोली माणसाने काढायची असते, आणि त्यासाठी लहर आत किती वेगाने गेली ते ठाऊक लागतं. हवेत ती मोकाट धावते. कोरड्या काँक्रीटमध्ये तिचा वेग निम्म्याहून खाली येतो. आणि पाणी मुरलेलं असलं की ती चिखलातून चालल्यासारखी चालते, उशिरा परत येते, आणि ज्याला ओल ठाऊक नाही त्याला वाटतं, केवढी लांब जाऊन आली. तर प्रत्येक जागेचा एक आकडा असतो, हा पदार्थ लहरीला किती रोखून धरतो त्याचा, आणि तो यंत्राला सांगावा लागतो. नाही सांगितला तर यंत्र मागच्या साइटचाच धरून चालतं. बिचारं यंत्र, त्याला काय. बरोबर आकडा काढायची पद्धत अगदी पोरासोरांना जमेल अशी आहे. जवळपास एखादं जुनं भोक, जिन्याची कड, जिथे काँक्रीटची जाडी उघडी दिसते तिथे जायचं, टेपने मोजायचं, मग तिथेच पेटी फिरवून आकडा जुळवून घ्यायचा. गुडघ्यांवर बसून वीस मिनिटांचं काम. नवशिकी पोरं करतात. रडारवालाही करायचा, कुणी बघत नसलं की.

त्या दिवशी बघत होतं. हॉटेलच्या तळघरातली कपडे धुण्याची खोली. भिंतीला ओळीने मोठाली यंत्रं, त्यांतलं एक काढून नवं बसवायचं होतं. हॉटेलची इंजिनिअर बाई, पंचविशीची, हातात फाइल धरून त्याच्या मागे उभी. वीज तोडायला हॉटेल तयार नव्हतं, पाहुणे होते. तुम्ही केबलची खोली सांगा, तिच्या वर राहा, मग वीज कशाला तोडायची, असा एकूण मामला. खोलीत ओलीचा वास होता. पाय ठेवल्या ठेवल्या तो वास त्याच्या नाकात गेला होता, हे त्याला आजही शपथेवर सांगता आलं असतं. कुठलातरी पाइप महिनोन्‌महिने आतल्या आत झिरपत असणार. मग पडद्यावर कमान आली ती अरुंद, खांदे पाडलेली. कोरड्या काँक्रीटमधली कमान ऐसपैस असते. अरुंद कमान म्हणजे लहर रेंगाळत गेली, म्हणजे ओल. हेही त्याला दिसलं. खालची, काँक्रीट संपतं ती रेघ तर उमटलीच नाही, ओलीने गिळली. आणि तेव्हा ती बाई मागून म्हणाली, "सर, इथला आकडा आधी जुळवून घ्यायला नको का? जिन्याजवळ कड उघडी आहे." अगदी साधं विचारलं होतं. पुस्तकात वाचलेलं, बरोबर वाचलेलं. आणि त्याला आपले दुखरे गुडघे आठवले, तिच्यासमोर जिन्याच्या कडेला टेप लावून ओणवं बसलेला आपला पार्श्वभाग दिसला, आणि गिरमिट शेजारी उभा होता, ज्याच्यालेखी तो ब्रह्मदेव. तो म्हणाला, "मॅडम, तीस वर्षं जमिनीच्या पोटात बघतोय मी." गिरमिट अभिमानाने हसला. बाई ओशाळली. ती ओशाळली याचा त्याला आनंद झाला होता. केवढासा आनंद, सुपारीच्या खांडाएवढा, आणि त्याच्यापायी.

यंत्रात मागच्या साइटचा आकडा होता, एका कोरड्या गोदामाचा. यंत्र म्हणालं चौदा सेंटिमीटर. भोक पाडायचं होतं अकरा. त्याने जागेवर खडूने फुली मारली, आणि शेजारी आकडा लिहायचा म्हणून खडू टेकवला तर कोब्यावर खडू उठेना. फुलीसुद्धा धड उठली नव्हती. ओल्या कोब्यावर खडू उठत नाही. यापेक्षा स्पष्ट जमीन काय बोलणार? त्याने दोनदा घासला, खडू मोडला. मग सवयीने बॉलपेन काढून आकडा डाव्या तळहातावर लिहिला. ही त्याची जुनी खोड. बायको चिडवायची, परीक्षेला निघालात का म्हणून. आणि तोंडाने गिरमिटला सांगितलं, "चौदावर आहे. अकरा खुशाल जा." बाई तोवर कुणाचा फोन आला म्हणून बाहेर गेली होती. म्हणजे आकडा ऐकला तो एकट्या गिरमिटने. गिरमिट अकरापर्यंत पोचलाच नाही. त्याच्या आधीच खोलीत एक निळा लखलखाट झाला, ओळीतली सगळी यंत्रं एकदम थांबली, आणि त्या शांततेत एका ड्रममधले कपडे धप्पकन खाली पडल्याचा आवाज आला. तो आवाज रडारवाल्याला अजून येतो. घरचं कपडे धुण्याचं यंत्र थांबलं की तो दुसऱ्या खोलीत जातो.

"लिहा ना भाऊजी," गिरमिट म्हणत होता. "दिनांक घाला. सदर दिवशी मी हॉटेलच्या तळघरात भोक पाडण्याचे काम करीत होतो." रडारवाल्याने लिहिलं. करीत होतो. बायकोने येऊन टेबल पुसलं, भावाचा हात उलटा करून पाहिला, पेरांवर फुंकर घातली. ज्या हाताला काही कळत नव्हतं त्याच्यावर. मग ती तिथेच खुर्ची ओढून बसली, फडकं मांडीवर घेऊन.

खरं तर त्या संध्याकाळी त्याला खोटं काहीच करायचं नव्हतं. इस्पितळातून तो ऑफिसात गेला तो केवळ कळावं म्हणून. दिवसभराची नोंद यंत्रात जशीच्या तशी होती; लहर गेली कधी, आली कधी, त्यात तिने तिळमात्र लपवलेलं नव्हतं. त्याने तीच अरुंद कमान पडद्यावर आणली, आणि आता कुणी बघत नव्हतं म्हणून, नवशिक्यासारखी, तिच्यावरून वेग काढला. ओल्या काँक्रीटचा आकडा मिळाला. तो यंत्राला दिला. यंत्राने निमूटपणे सांगितलं, दहा. जरा कमीच. म्हणजे केबल होती तिथेच होती, लहर खरंच बोलली होती, भाषांतर करणारा बेइमान निघाला होता. मग त्याच पडद्यावर अहवालाचा फॉर्म उघडला. त्यात रकाना होता, केबलची खोली. त्याने लिहिलं, दहा. यात खोटं काय? केबल दहावरच होती. आधी काय सांगितलं होतं, असा रकानाच नव्हता. पुढे चौकशी झाली तेव्हा साहेबांनी तो अहवाल समोर धरला आणि विचारलं, "तुम्ही ड्रिलवाल्याला हेच सांगितलं होतं?" तो म्हणाला, "हो." एवढंच. एक अक्षर. त्या इंजिनिअर बाईला कुणी बोलावलंच नाही. दहा सांगितलेलं असताना पोरगा अकराकडे निघाला, असं ठरलं, आणि सगळे चहाला उठले. रात्री झोप लागणार नाही असं त्याला वाटलं होतं. लागली. पहिल्या रात्री गाढ लागली, याची त्याला नंतर सर्वांत जास्त लाज वाटली.

लाजेचं एक असतं, ती एकदा वाटून संपत नाही. प्रत्येक माणसापाशी पोचली की थोडी परत येते आणि उरलेली पुढे जाते. दीड वर्ष तो रोज इस्पितळात, मग रोज गिरमिटच्या घरी जात राहिला. फळं नेली, औषधं आणली, मालिश करणाऱ्याला शोधून काढलं. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, जावई असावा तर असा, देवमाणूस. तो दाराशी चपला काढत होता, त्या काढून होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. आणि गिरमिट? शुद्धीवर आल्यावर, हात बासनासारखा गुंडाळलेला, तो पहिलं वाक्य काय बोलला तर, "भाऊजी, तुमचं नाव खराब केलं मी." त्या वेळी सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण नर्स आली सलाइन बदलायला, आणि ती गेल्यावर त्या उघड्या तोंडाने तो नुसतं पाणी प्यायला.

"आता मुख्य," गिरमिट म्हणाला आणि सरसावून बसला. "हे नीट लिहा. मला केबल दहा सेंटिमीटरवर असल्याचे सांगण्यात आले होते. परंतु माझ्या डोक्यात चौदा बसले." तो थांबला. आवाज त्याने मुद्दाम हलका ठेवला होता, पण ऐकणाऱ्याला तो ठेवलेला कळत होता. "हे लिहावं ना? की बावळटपणा वाटेल? पण खरं तेच आहे भाऊजी. मला अजूनसुद्धा चौदाच ऐकू येतं. तुमच्या आवाजात. चौदावर आहे, अकरा खुशाल जा. इस्पितळात म्हणे मी बेशुद्धीत चौदा चौदा करत होतो, नर्सला वाटलं बेड नंबर सांगतोय. डॉक्टर म्हणाले, शॉकने आठवणी सरकतात, होतं असं. मग कागद बघितला. कागदावर दहा. कागद कशाला खोटं बोलेल, आणि तुम्ही कशाला?"

"तसं नाही रे," रडारवाला म्हणाला. काय तसं नाही, ते त्याने सांगितलं नाही.

"नाही, ऐका ना. हाताचं मला काही वाटत नाही. हात शिकेल. पण हल्ली मी कुलूप लावतो आणि जिना उतरून परत वर जातो, लावलं का बघायला. तिसऱ्या मजल्यावर. बायको म्हणाली दूध आण, तर रस्त्यात वाटतं, दूधच म्हणाली ना? परत फोन करतो. चिडते ती. ऐकलं एक आणि डोक्यात राहिलं भलतंच, असल्या माणसाच्या हातात ड्रिल द्यावं का? मीच म्हणतो देऊ नये. म्हणून शेवटी असं लिहा, माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही, तरी मला सामानाच्या कोठीत काम द्यावे. तिथे सगळं मोजून लेबलं लावलेलं असतं." तो पुन्हा हसला. "गिरमिटने आता लेबलं वाचायची."

बायको फडक्याच्या कडा जुळवत होती. चौकोनी घडी करायची, मोडायची, परत करायची. रडारवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने लिहिलं, मला केबल. त्याचं अक्षर सुंदर येत होतं. इथे दहा लिहायचं आणि सही घ्यायची, की झालं. गिरमिट कोठीत सुरक्षित राहील, कुणाचं काही बिघडणार नाही, वर्षभराने आपण निवृत्त होऊ. इतकं सोपं होतं ते. त्याच्याजवळ नेहमीसारख्या सबबी तयार होत्या, दीड वर्ष घासून गुळगुळीत झालेल्या: शेवटी केबल दहावरच होती की. पाइप गळत होता तो हॉटेलचा दोष. वीज तोडली नाही तो त्यांचा हट्ट. नोकरी जाईल, तीस वर्षांचं नाव जाईल, सासूबाई काय म्हणतील. एकेका सबबीवरून तो खाली उतरत गेला, आणि सगळ्यांच्या खाली, जिथून पुढे काही जात नाही आणि आलेलं सगळं परत फिरतं, तिथे एक माणूस तीन मजले चढून आपण लावलेलं कुलूप ओढून बघत होता. हात आपण घेतला, ते चुकीने. पण त्याचे कान आपण घेतले, ते शुद्धीवर असताना, बसून, रकाना भरून. त्याच्या हातातल्या पेनाचं टोक कागदावर एकाच जागी टेकून राहिलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता.

"दहा, भाऊजी," गिरमिट मदतीला धावला. "एकावर शून्य."

रडारवाल्याने एक लिहिला. मग चार लिहिला.

गिरमिट टेबलावरून वाकून बघत होता. "अहो, हे चौदा झालं."

"चौदाच."

"नाही, ते पुढच्या वाक्यात. आधी दहा येतं. मला सांगितलं होतं ते दहा."

"तुला सांगितलं होतं ते चौदा," रडारवाला म्हणाला. "मी चौदाच म्हणालो होतो. अकरा खुशाल जा, असंही म्हणालो. जागेचा आकडा जुळवला नाही मी. ती बाई म्हणत होती, तरी नाही जुळवला. तुमच्या दोघांसमोर गुडघ्यावर बसायची लाज वाटली. दहा मी नंतर काढलं. संध्याकाळी. ऑफिसात." आणखी बरंच सांगायचं होतं, वासाचं, कमानीचं, खडूचं, पण ते सगळं आता सबबींसारखं वाटायला लागलं आणि त्याने ते सोडून दिलं.

गिरमिटने फॉर्मवरचा चौदा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं." रडारवाल्याने मान हलवली. "बरोबरच ऐकलं होतं मी," तो पुन्हा म्हणाला, या वेळी बहिणीला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्भेळ आनंद आला की रडारवाल्याला बघवेना. शिव्या आल्या असत्या तर त्या झेलता आल्या असत्या. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा चेहरा झेलायची तयारी त्याने कुठून करावी? तो आनंद काही क्षण टिकला. मग कुठेतरी आत अडखळला, कारण ताईला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुमच्या तळहातावर होता तो," ती नवऱ्याला म्हणाली. फडक्याची घडी तिने टेबलावर ठेवली. "त्या संध्याकाळी नळाखाली हात धरून नुसतेच उभे होतात तुम्ही, म्हणून मीच धुतले. चौदा. साबणाने निघत नव्हता, मग मी घासणीने काढला. तेव्हा मला काय ठाऊक, कसला आकडा. हा इस्पितळात चौदा चौदा करायला लागला तेव्हा कळलं." ती भावाकडे न बघता बोलत होती. "मग रोज वाटायचं, आज सांगतील. ह्याच्याकडून निघालात की वाटायचं, आज सांगून आले असतील. चपला काढताना बघायची मी तुमच्याकडे. मीही बोलले नाही. दीड वर्ष मीही बोलले नाही रे."

आकडा केव्हा पुसला गेला, हे रडारवाल्याच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. घामाने गेला असेल, असं त्याने धरलं होतं. आता त्याला मोरीतलं ते कोमट पाणी आठवलं, तिचा अंगठा तळव्यावर जोराने फिरत असलेला, आणि ती म्हणालेली, "हात सैल सोडा." इतके दिवस तो समजत होता की हे आपल्या एकट्याच्या आत आहे, आणि बाहेरून कोबा कोरडा दिसतो आहे. त्याने तळहात टेबलावर पालथा घातला.

गिरमिटने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. गार झालेला चहा त्याने उजव्या हाताने बाजूला सारला. "पुढे काय विचारलंय?" तो म्हणाला. भाऊजी म्हणाला नाही.

रडारवाल्याने चष्मा सारखा केला. "सदर माहिती कोणी दिली."

"लिहा."

त्याने लिहिलं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि खाली हुद्दा. सुवाच्य आलं. गिरमिटने फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला आणि त्या ओळीवर उजव्या हाताचं बोट फिरवलं. शाई बोटाला लागली ते त्याला कळलं नाही. मग त्याने डावं बोट टेकवून पाहिलं. ओळ अजून ओली होती. फॉर्मची घडी न घालता, तो ती वाळायची वाट बघत बसला.